खाण तशी माती

आपल्या भाषेतील कितीतरी म्हणी बायकांच्या तोंडी वाढल्या आणि बायकांवरच चालविल्या गेल्या. 'खाण तशी माती' ही त्यांपैकीच एक. मुलगी पाहावयास आलेली वडीलधारी माणसे तिच्या आईकडे एकवार पाहून ही म्हण मनातल्या मनात म्हणत, आणि पुढे सुनेच्या हातून आमटी खारट झाली की तीच म्हण मोठ्याने ऐकू येई. म्हणीत माती आली ती केवळ दृष्टांतापुरती. मातीविषयी काही सांगावे असा तिचा हेतू नव्हता. मी मात्र तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले, आणि जन्म कोकणात व संसार वऱ्हाडात अशा दोन मातींवर आयुष्य काढले. त्यामुळे ही म्हण खुद्द मातीलाच लावून पाहण्याची मला खोड जडली. मातीच्या बाबतीत ती खरी ठरते काय? आणि मातीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंच्या वस्तीलाही ती लागू पडते काय?

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीच्या बाजूला. तेथे अंगण लाल, पायवाट लाल, पावसाळ्यात वहाळाचे पाणी लाल आणि घराच्या भिंतीही जांभ्या दगडाच्याच. 1975 साली लग्न होऊन मी अकोला जिल्ह्यात आले, तेव्हा पहिल्याच पावसात साडीच्या काठाला लागलेली काळी माती धुऊन धुऊन निघेना. सासूबाई हसून म्हणाल्या, "सूनबाई, तुमच्याकडची माती धुतली की जाते. आमची माती माणसाला धरून ठेवते." एक माती लाल, मोकळी, पाणी खाली सोडून देणारी, दुसरी काळी, चिकट, पाणी पोटात धरून फुगणारी. पाहणाऱ्याने दोघींना एका आईच्या लेकी कधीच म्हटले नसते.

वस्तुतः खाण एकच आहे. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून लाव्हारसाचे थरावर थर पसरले, आणि ते थिजून जो काळा पाषाण झाला तो आजही सुमारे 5 लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. सह्याद्रीचे कडे त्याचेच आणि वऱ्हाडातील टेकड्याही त्याच्याच. दापोलीकडील जांभ्याच्या तळाशी हाच बेसाल्ट आहे, आणि आमच्या शेतातल्या विहिरीत मुरमाखाली लागला तोही हाच. फरक पाडला तो पावसाने. कोकणात वर्षाकाठी 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याने युगानुयुगे त्या दगडातील चुना, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन समुद्राला नेली. जे विरघळेना ते लोह व ॲल्युमिनियम तेवढे मागे राहिले. लोहाला गंज चढावा तशी ती माती लाल झाली, आणि चुना गेल्यामुळे आम्ल झाली. वऱ्हाडात पाऊस 700-800 मिलिमीटरांच्या आसपास. एवढ्या पाण्याने दगड झिजला, परंतु त्यातील चुना वाहून गेला नाही; तो मातीतच पांढऱ्या खड्यांच्या रूपाने साठला. माती काळी, चिकण आणि किंचित अल्कधर्मी झाली.

मातीचा हा जन्मवृत्तांत प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने मांडला तो रशियातील दोकुचायेव्ह यांनी. 1883 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी तिकडच्या काळ्या मातीचा अभ्यास केला, आणि माती म्हणजे नुसता दगडाचा चुरा नव्हे, तिला स्वतःचा जन्म व वाढ आहे हे दाखवून दिले. पुढे 1941 साली हॅन्स जेनी यांनी मातीच्या घडणीची पाच कारणे सांगितली: मूळ खडक, हवामान, जमिनीचा चढउतार, सजीवसृष्टी आणि काळ. तेव्हा 'खाण तशी माती' ही म्हण पाच हिश्शांपैकी एका हिश्शापुरती खरी म्हणावयाची. उरलेले चार हिस्से सासरचे! माझ्या सासूबाईंच्या हयातीत हे मला कळले असते, तर त्यांना ते सांगण्याची मौज मी सोडली नसती.

आता या मातीच्या घरात राहणाऱ्यांकडे वळू. चिमूटभर चांगल्या मातीत, म्हणजे एका ग्रॅममध्ये, जिवाणूंची संख्या शंभर कोटींच्या घरात जाऊ शकते, आणि त्यांचे प्रकार हजारोंनी मोजावे लागतात. त्यांतील फारच थोडे आजवर प्रयोगशाळेत वाढविता आले आहेत. हे जिवाणू मातीत सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. कणाकणांमधील बारीक पोकळ्या, मुळांच्या भोवतालचा पातळ थर, कुजणाऱ्या पाल्याचा एखादा तुकडा एवढ्या त्यांच्या वाड्या-वस्त्या. मधला सारा प्रदेश ओसाड असतो. आपल्या गावात जशी घरे पाणवठ्याच्या आधाराने वसतात, तशीच ही वसाहत ओलावा, अन्न आणि हवा यांच्या आधाराने वसते. काळ्या मातीतील चिकण कण इतके सूक्ष्म व पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात, की एका ग्रॅमचे सारे पापुद्रे उलगडून पसरले तर त्यांचे क्षेत्रफळ शेकडो चौरस मीटर भरेल. जांभ्या मातीतील चिकण कण वेगळ्या जातीचे. त्यांचे क्षेत्रफळ त्या मानाने फारच कमी. म्हणजे एकीकडे खोल्याच खोल्या असलेला वाडा, तर दुसरीकडे बेताचे कौलारू घर.

परंतु कोणी राहावयाचे हे खोल्यांपेक्षाही अधिक ठरविते ते मातीचे आम्लपण. शेतकी खात्याच्या भाषेत त्याला सामू म्हणतात. सामू 7 म्हणजे माती ना आम्ल, ना अल्कधर्मी. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कधर्मी. कोकणातील जांभ्या जमिनीचा सामू बहुधा 5 ते 6 च्या दरम्यान असतो, आमच्या काळ्या जमिनीचा 8 च्या आसपास. 2006 साली नोआ फिअरर व रॉबर्ट जॅक्सन या दोन संशोधकांनी उत्तर व दक्षिण अमेरिकेतील 98 ठिकाणची माती तपासली. उष्ण प्रदेशातील दाट अरण्यात जिवाणूंचे सर्वांत अधिक प्रकार सापडतील अशी कोणाचीही सहज कल्पना व्हावी. आढळले ते उलटच. ॲमेझॉनच्या अरण्यातील आम्ल मातीत प्रकार कमी, आणि साध्या, उदास दिसणाऱ्या परंतु उदासीन सामूच्या जमिनीत अधिक. उष्णता, पाऊस, अक्षांश यांपैकी कशाहीपेक्षा सामूवरूनच जिवाणूंच्या विविधतेचा अंदाज अधिक बरोबर बांधता आला.

याचे एक जवळचे उदाहरण देते. हवेतील नत्र धरून मातीत आणणारा ॲझोटोबॅक्टर नावाचा एक जिवाणू आहे. सामू 6 च्या खाली गेला की त्याचे चालेनासे होते. त्यामुळे आम्ल जमिनीत तो क्वचितच भेटतो. मग तेथे हे काम कोणी करीत नाही काय? करतो, पण दुसराच कोणी. 1939 साली स्टार्की आणि पी. के. डे या संशोधकांनी भारतातील भातखाचरांच्या आम्ल मातीतून नत्र धरणारा एक नवा जिवाणू वेगळा केला. तो आम्लपणा सुखाने सोसतो. त्याच्या नावात आज 'इंडिका' हे पद आहे, हे वाचून मला उगीचच माहेरच्या माणसाचे नाव छापून आल्यासारखे वाटले होते. लाल माती ही नापीक आणि काळी ती सकस, असा सरधोपट निवाडा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. प्रत्येक माती आपल्या पद्धतीने संसार चालविते. भांडीकुंडी तेवढी निराळी असतात.

काळ्या मातीचा संसार ऋतूंप्रमाणे बदलतो. वैशाखात तिला हात हात खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत घरंगळते, पावसाळ्यात माती फुगून भेगा मिटतात, आणि अशा रीतीने वरची माती खाली व खालची वर होत राहते. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असे जे म्हणतात ते याचमुळे. उन्हाळ्याच्या त्या तापात असंख्य जिवाणू मरतात. कित्येक बीजाणूंच्या कवचात झोपी जातात. मृगाचा पहिला पाऊस पडताच उरलेले जागे होतात, आणि मेलेल्यांच्या शरीरांवर व साठलेल्या सेंद्रिय पदार्थांवर त्यांची अशी काही मेजवानी झडते की थोड्या दिवसांत मातीतील उपलब्ध नत्र एकदम वाढते. बर्च नावाच्या संशोधकाने पूर्व आफ्रिकेतील जमिनींवर 1958 च्या सुमारास हे दाखवून दिले. पहिल्या पावसानंतर पेरणी साधावी म्हणून आमचे मामंजी जी घाई करीत, ती ओलीसाठी तर होतीच. पण या मेजवानीचा वाटाही त्या घाईने पिकाला मिळत असला पाहिजे. त्या वेळी येणारा मातीचा सुवासदेखील एका जातीच्या तंतुमय जिवाणूंचीच करणी आहे. त्यांच्याच कुळातील एकापासून 1943 साली क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळाले.

श्रावणात मात्र उलटा प्रकार होतो. झडी लागली की काळ्या वावरात पाणी तुंबते. मातीतील हवा संपते, आणि हवेवाचून जगू शकणारे जिवाणू नत्राच्या संयुगांतील प्राणवायू वापरून नत्र हवेत सोडून देतात. पऱ्हाटी पिवळी पडते ती पुष्कळदा या चोरीमुळे. कोकणात उतारावरची लाल माती पाणी धरीत नाही. तेथे नत्र हवेत जाण्याऐवजी पाण्याबरोबर खाली झिरपून जाते. नुकसान दोन्हीकडे होते, पण वाट वेगळी. म्हणून एकीकडचा उपाय दुसरीकडे जशाचा तसा नेता येत नाही.

जिवाणू विकत आणून शेतात सोडता येतात, ही गोष्ट आता खेडोपाडी ठाऊक झाली आहे. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत नत्र धरणारे जिवाणू असतात. बेयेरिंक या डच शास्त्रज्ञाने ते 1888 साली वेगळे करून दाखविले. आपल्याकडे पुसा येथील संस्थेत एन. व्ही. जोशी यांनी या जिवाणूंचा अभ्यास करून 1920 साली तो प्रसिद्ध केला. तूर, मूग, उडीद, चवळी यांच्या गाठींतील जिवाणू आपल्या जमिनींत पूर्वापार आहेत. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, तो हरभऱ्यापुरताच. 1970 नंतरच्या दशकांत माळव्यातून विदर्भापर्यंत सोयाबीन पसरले, तेव्हा मात्र मोठी अडचण झाली. हे पीक परके, आणि त्याचा जिवाणूही परका; तो आपल्या मातीत नव्हताच. बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालविलेले जिवाणूखत चोळून, सावलीत सुकवून पेरावे, असा सल्ला देण्यात आला. जेथे असे केले नाही तेथे नव्या वावरातील झाडांच्या मुळांवर गाठी धरेनात. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचे एक पाकीट हा हिशेब आमच्या घरी मुलांना पाढ्यासारखा पाठ झाला होता.

हे पाकीट म्हणजे पाहुण्याला दिलेले आमंत्रण. पाहुणा राहील की नाही, हे घरावर अवलंबून असते. आमच्याच शेतात ते ज्या रीतीने दिसून आले, ती हकीगत सांगण्यासारखी आहे.

आमचे एक वावर लांबट असून त्याला चांगलाच उतार होता. 2012 च्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याने ते यंत्र लावून सपाट करून घेतले. पाणी वाहून जाते, पेरणीला त्रास होतो, ही त्याची अडचण खरी होती. यंत्रवाल्याने वरच्या टोकाची माती दीड हात खरवडून खालच्या टोकाला लोटली. वावर दिसावयास सुरेख झाले. परंतु वरच्या टोकाला आता पिवळसर, चुनखडीचे खडे असलेला तळचा थर उघडा पडला होता. त्या पावसाळ्यात संपूर्ण वावरात सोयाबीन आणि तूर पेरली. बियाणे एक, जिवाणूखताचे पाकीट एक, पेरणीचा दिवसही एक. भाद्रपदात मी दोन्ही टोकांची चार-चार झाडे हलकेच खणून काढली. खालच्या टोकाच्या मुळांवर गाठीच गाठी. नखाने फोडल्या तर आत गुलाबी-लाल, म्हणजे गाठ कामाला लागल्याची खूण. वरच्या टोकाला एखाद-दुसरी, तीही फिकट. पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

"काकू, पाकिटातले जिवाणू मेलेले असतील," पुतण्या म्हणाला.

"मग खालच्या टोकाला ते कसे जगले?" मी विचारले.

तो बराच वेळ त्या दोन मुळ्यांकडे पाहत राहिला.

झाले होते ते असे. मातीच्या वरच्या वीतभर थरातच जिवाणूंची बहुतेक वस्ती असते. खाली जावे तसतशी ती झपाट्याने विरळ होत जाते. कारण अन्न वरून येते: पाला, मुळ्या, शेण, काडीकचरा. तळच्या थराला हे अन्न कधी पुरेसे मिळालेलेच नसते. तेथे सेंद्रिय कर्ब नाममात्र, चुना उदंड, पोकळ्या दडपलेल्या, स्फुरद चुन्यात अडकलेले. तो थर म्हणजे मातीच्या जन्माची अर्धी राहिलेली पायरी होय. त्यावर पाकिटातले कोट्यवधी जिवाणू सोडणे, म्हणजे भिंती-छप्पर नसलेल्या घरात लग्नाचे वऱ्हाड उतरविण्यासारखे होते. शेकडो वर्षांत घडलेली दीड हात माती दोन दिवसांत सरकली. ती पुन्हा घडविणे यंत्राच्या हाती नव्हते.

पुढची पाच वर्षे पुतण्याने त्या टोकाला जे केले, त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. गावतळ्यातला गाळ आणून पसरला. तो गाळ म्हणजे गावच्याच वावरांतून धुपून गेलेली माती होती. 2017 पासून महाराष्ट्र शासनाने धरणांतील गाळ शेतात नेण्याची योजना आखली, तिच्यामागील विचारही हाच आहे. शेणखत दरवर्षी घातले. ताग पेरून फुलावर येताच गाडला. तिसऱ्या वर्षी तुरीच्या मुळांवर गाठी दिसू लागल्या, पाचव्या वर्षी ज्वारीने कंबर ओलांडून मान वर काढली. म्हणजे जिवाणूंची वस्ती परत येऊ लागली होती. मात्र मातीची गेलेली खोली परत आली नाही, तळचा चुनाही हटला नाही. माणसाला मातीचे अन्न बदलता येते. तिचा जन्म बदलता येत नाही.

ही गोष्ट केवळ आमच्या वावराची नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 1970 साली देशभर दीर्घकालीन खत-प्रयोग सुरू केले. त्यांपैकी राँचीच्या लाल, आम्ल जमिनीत वर्षानुवर्षे नुसते नत्र घातलेल्या वाफ्यांचे उत्पन्न ढासळत गेले, कारण त्या खताने मूळचीच आम्ल माती अधिक आम्ल झाली. जेथे समतोल खतांबरोबर चुना किंवा शेणखत दिले, तेथे पीक टिकले. राँचीला चुना हे औषध. आमच्या चुनखडीच्या जमिनीत तोच घातला तर निव्वळ अपव्यय. याउलट इंदूरच्या काळ्या मातीत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण व गोमूत्रमिश्रित माती यांचे ढीग रचून, ते चाळवून खत करण्याची जी पद्धत बसविली आणि 1931 साली ग्रंथरूपाने जगापुढे मांडली, ती मात्र कोणत्याही मातीला मानवते. कारण ती मातीचा स्वभाव बदलू पाहत नाही. तिच्यात राहणाऱ्यांना जेवू घालते.

इंदूर, बडोदे, जबलपूर, तंजावर किंवा गंगाकाठच्या एखाद्या शहरात राहणाऱ्या वाचकांनीही आपल्या अंगणातली, नाहीतर गच्चीवरल्या कुंडीतली माती कोणत्या खाणीची आहे हे एकदा पाहावे. गंगेच्या खोऱ्यातील माती नद्यांनी हिमालयातून आणलेली, वयाने कोवळी. द्रविड देशातील लाल माती फार प्राचीन खडकांची. 2015 पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका दिली जाऊ लागली. तिच्यात 12 गोष्टी नोंदल्या जातात. जिवाणूंची गणती तीत नाही, हे खरे. परंतु सामू आणि सेंद्रिय कर्ब हे दोन आकडे असतात. पहिला आकडा मातीच्या जन्माविषयी सांगतो, दुसरा आपण तिला कसे वागविले याविषयी. नत्र-स्फुरद-पालाशाच्या आकड्यांपूर्वी हे दोन वाचावेत, असे मी विद्यार्थ्यांच्या पालकांना नेहमी सांगत आले.

2019 साली आमच्या घरच्या जमिनीची वाटणी झाली. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते. माती किती खोल आहे हे तेथे वाचता येत नाही. जुन्या काळी मात्र त्याचा विचार झालेला होता. 1847 साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीचे जे नियम सिद्ध केले, त्यांत मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीची प्रत सोळा आण्यांच्या मापाने ठरवीत. पुढे वऱ्हाडची मोजणीही त्याच धर्तीवर झाली. मी सुचविले की आपणही प्रत्येक वावरात खड्डे खणून पाहावे आणि मग वाटे पाडावेत. दोघा दिरांना ते पटले. सबंध एक दिवस आम्ही खड्डे घेत आणि वितीने काळी माती मोजीत फिरलो. सपाट केलेल्या वावराच्या वरच्या टोकाची प्रत अर्थातच सर्वांत कमी भरली. तो तुकडा ज्याच्याकडे जाईल त्याला दुसरीकडे भरपाई द्यावी असे ठरत होते, तोच पुतण्या म्हणाला, "ते टोक माझ्याकडेच राहू द्या. सात वर्षे मी त्याला खायला घातले आहे. दुसऱ्या कोणाला त्याचा अंदाज यायला पुन्हा तेवढीच वर्षे लागतील."

मग त्याने खड्डे बुजविले. बुजविताना तळची पिवळी माती तळाला गेली, काळी वर आली. तसे त्याला कोणी सांगितले नव्हते.